दारूगोळ्याच्या सेनापतीचे दफ्तर : अलाबामातील पाच दिवस

पहिला दिवस, सोमवार

जोसाया गॉर्गस हे नाव मला प्रथम त्यांच्या मुलामुळे कळले. हवाना आणि पनामा येथे डासांचा नायनाट करून पिवळ्या तापाला आवर घालणारे डॉ. विल्यम क्रॉफर्ड गॉर्गस यांच्याविषयी मी आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला असताना वाचले होते. त्यांचे वडील अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्याचे दारूगोळा खाते सांभाळत होते, युद्धानंतर ते शिक्षणक्षेत्रात गेले आणि आयुष्याच्या अखेरीस एका विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, हे मात्र निवृत्तीनंतर समजले. बंदुकीच्या दारूचा हिशेब ठेवणारा माणूस पुस्तकांच्या नोंदवहीपर्यंत कसा पोचला असेल, हा प्रश्न ग्रंथपाल म्हणून मला स्वस्थ बसू देईना. यंदा मार्चअखेरीस भाच्याकडे बर्मिंगहॅमला जाणे झाले आणि तेथून टस्कलूसाचे अलाबामा विद्यापीठ, जेथे गॉर्गस कुटुंबाचे कागद जपून ठेवले आहेत, ते तासाभराच्या अंतरावर आहे असे कळल्यावर पाच दिवस त्यासाठी राखून ठेवले.

थेट टस्कलूसाला न जाता आम्ही आधी दक्षिणेला ब्रायरफील्डकडे गाडी वळवली. माँटेव्हालो गाव मागे पडले की रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना पाइनची झाडी लागते आणि कडेची माती इतकी लाल दिसते की मला सारखे कोकण आठवत होते. लोखंडाच्या भट्टीचे अवशेष एका लहान सरकारी उद्यानात आहेत. विटांचा एक प्रचंड, अर्धवट ढासळलेला बुरूज आणि त्याच्यावर पाऊस लागू नये म्हणून उभारलेले छप्पर, एवढेच आता उरले आहे. युद्धकाळात येथील लोखंड सेल्मा येथे तोफा ओतण्यासाठी जात असे. १८६५ च्या मार्चअखेरीस उत्तरेच्या घोडदळाने हा कारखाना जाळला आणि दक्षिणेचा पराभव झाल्यावर, १८६६ मध्ये, गॉर्गस यांनी काही भागीदारांना घेऊन तो विकत घेतला. लोखंड, कोळसा, कारागीर यांची मोट बांधण्यात ज्यांचा हात कोणी धरू शकत नव्हता, त्यांना स्वतःची एक भट्टी चालवता आली नाही. भांडवल नव्हते, भाव पडलेले होते, कर्ज वाढत गेले आणि १८६९ साली ती भाडेपट्ट्याने दुसऱ्याला देऊन ते बाहेर पडले.

मी विटांना हात लावून पाहिला. काही विटांवर वितळून पुन्हा घट्ट झालेल्या धातुमळीचा काचेसारखा हिरवट थर बसला आहे. या भट्टीत युद्धाच्या काळात राबणाऱ्यांमध्ये गुलाम माणसे मोठ्या संख्येने होती. ही गोष्ट पुढच्या चार दिवसांत कागद वाचताना मला क्षणभरही विसरता आली नाही आणि विसरूही नये.

संध्याकाळी भाच्याने मला टस्कलूसाला सोडले. निघताना तो म्हणाला, "मावशी, शुक्रवारी दुपारी येतो. तोवर जेवायला विसरू नकोस."

दुसरा दिवस, मंगळवार

सकाळीच विद्यापीठाच्या आवारात गेले. मधले मोठे हिरवे मैदान, त्याच्या एका कडेला जोसाया यांच्या पत्नी अमेलिया गेल गॉर्गस यांचे नाव दिलेले मुख्य ग्रंथालय आणि थोड्या अंतरावर गॉर्गस यांचे राहते घर. मैदानाच्या एका बाजूला गवताने झाकलेला एक लहानसा उंचवटा आहे. अनोळखी माणसाला ती नैसर्गिक टेकडी वाटेल, परंतु तो एका जुन्या वसतिगृहाचा ढिगारा आहे. ४ एप्रिल १८६५ रोजी, म्हणजे दक्षिणेचे सरसेनापती जनरल ली शरण यायला पाच दिवस उरले असताना, उत्तरेच्या घोडदळाने हे विद्यापीठ पेटवून दिले, कारण १८६० पासून येथे लष्करी शिक्षण दिले जात होते. मोजक्या चार-पाच इमारती वाचल्या. ग्रंथालय असलेली गोल घुमटाची इमारत वाचली नाही.

त्या वेळी भाषांचे प्राध्यापक आणि ग्रंथपाल असलेले आंद्रे देलोफ्र यांनी ग्रंथालयाला हात लावू नका अशी विनवणी केली, सेनाधिकाऱ्यालाही ते पटत होते, पण हुकूम मोडता येत नव्हता, असे विद्यापीठात सांगितले जाते. अखेर एक पुस्तक आठवण म्हणून बाहेर काढण्यात आले. ते होते १८५३ साली फिलाडेल्फियात छापलेले कुराणाचे इंग्रजी भाषांतर. हजारो ग्रंथ जळाले आणि एक उरला. ज्या माणसाच्या खात्याने चार वर्षे दक्षिणेच्या तोफांना खाद्य पुरवले, त्यालाच चौदा वर्षांनी या जळालेल्या ग्रंथालयाचा उत्तराधिकारी व्हावे लागले, हे त्या उंचवट्यापाशी उभे राहिल्यावर जसे उमगते तसे वाचून उमगत नाही.

गॉर्गस यांचे घर १८२९ मधले आहे आणि आवारातील सर्वांत जुनी इमारत म्हणून ओळखले जाते. मुळात ते विद्यार्थ्यांचे भोजनगृह होते. दर्शनी भागाला दोन्ही बाजूंनी वळत वर जाणारे जिने आहेत आणि ते वरच्या मजल्याच्या खांबांच्या ओसरीत एकत्र येतात. १८७८ मध्ये गॉर्गस येथे विद्यापीठाचे अध्यक्ष म्हणून आले. पुढच्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पद सोडावे लागले. विश्वस्तांनी त्यांना ग्रंथपालाची जागा आणि हे घर दिले. प्रत्यक्ष काम अमेलियाबाई करू लागल्या. १५ मे १८८३ रोजी गॉर्गस वारले तेव्हा ग्रंथपालपद रीतसर त्यांच्याकडेच आले आणि ते त्यांनी १९०७ पर्यंत, वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत, सांभाळले. त्याच घरात त्या विद्यार्थ्यांचे टपाल वाटत आणि आजारी मुलांची शुश्रूषाही करत. त्यांची एक मुलगी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या घरात राहिली. घर हलले नाही, म्हणून कागदही हलले नाहीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात काही महिने काम केल्यावर मला एवढे नक्की कळले होते की कागद टिकतात ते बहुधा कोणीतरी घर सोडले नाही म्हणून.

दुपारी आवाराच्या एका कोपऱ्यात जॅक आणि बॉयसी या दोन गुलाम माणसांच्या थडग्यांची जागा पाहिली. विद्यापीठ उभे करण्यात आणि चालवण्यात गुलामांचे श्रम होते याबद्दल येथील प्राध्यापक सभेने २००४ साली जाहीर माफी मागितली. ज्या ठिकाणी मी उद्यापासून कागद वाचणार होते, त्या ठिकाणचे हे पहिले पान आहे असे मला वाटले.

तिसरा दिवस, बुधवार

वाचनकक्षाचे नियम आपल्याकडच्या कोणत्याही चांगल्या दफ्तरखान्यासारखेच आहेत. पिशवी बाहेर कुलपात, शाईचे पेन नाही, फक्त पेन्सिल, एका वेळी एकच खोका आणि खोक्यातून एकच पाकीट. हातमोजे घालायला देत नाहीत, हात धुऊन कोरडे करून यायला सांगतात, कारण मोज्यांतून कागदाची कड कळत नाही आणि ती फाटते. आपल्याकडे रुमालात बांधलेले कागद गाठ सोडून पुढ्यात पसरले जातात, येथे राखाडी पुठ्ठ्याच्या खोक्यातून पाकिटे उभी निघतात, एवढाच फरक. तेथील बाईंनी मी कोठून आले ते विचारले आणि एक अक्षर लागत नव्हते तेव्हा स्वतःहून येऊन वाचून दाखवले.

गॉर्गस यांच्या रोजनिशीची नोंद १८५७ ला सुरू होते आणि खंड पडत पडत १८७८ पर्यंत येते. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेले, शाई तपकिरी झालेली. ते जन्माने उत्तरेकडचे, पेनसिल्व्हेनियातील १८१८ चे. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून १८४१ मध्ये पदवी घेऊन ते शस्त्रसामग्री विभागात गेले, मेक्सिकोच्या युद्धात व्हेराक्रूझच्या वेढ्यात होते आणि १८५३ साली अलाबामाचे माजी गव्हर्नर जॉन गेल यांची मुलगी अमेलिया हिच्याशी त्यांनी लग्न केले. त्या वर्षी मोबील शहरात पिवळ्या तापाची मोठी साथ होती. पुढे त्याच तापाशी झुंजलेला थोरला मुलगा विल्यम, म्हणजे घरातला विली, वर्षभराने जन्मला. १८६१ मध्ये गॉर्गस यांनी फिलाडेल्फियातील नोकरीचा राजीनामा दिला आणि भाऊबंद उत्तरेत ठेवून ते दक्षिणेला मिळाले. पत्नीचे माहेर, तेथील स्नेहसंबंध आणि वरिष्ठांशी झालेले खटके अशी कारणे अभ्यासक देतात. कारणे समजतात, परंतु गुलामगिरी टिकवण्यासाठी उभ्या राहिलेल्या राज्याला त्यांनी आपली सर्व बुद्धी वाहिली ही गोष्ट त्या कारणांनी हलकी होत नाही, असे मला स्पष्टपणे वाटते.

बुद्धी मात्र असामान्य होती. ८ एप्रिल १८६४ ची नोंद मी तीनदा वाचली. खात्याचा कारभार हाती घेऊन त्या दिवशी तीन वर्षे झाली होती. तीन वर्षांपूर्वी आपण एकही बंदूक, पिस्तूल किंवा तलवार बनवत नव्हतो, दक्षिणेची राजधानी रिचमंड येथील ट्रेडिगार कारखान्याखेरीज कोठे तोफेचा गोळा होत नव्हता, रतलभर बंदुकीची दारूही बनत नव्हती, आणि आज हे सर्व मोठ्या सैन्यांना पुरेल इतके बनते, असे ते लिहितात. रिचमंड, फेयटव्हिल, ऑगस्टा, चार्ल्सटन, कोलंबस, मेकन, अटलांटा, सेल्मा अशी शस्त्रागारांची नावे एकापुढे एक येतात. ऑगस्टाच्या दारू कारखान्याचा उल्लेख करताना त्यांचा अभिमान लपत नाही. त्या कारखान्याची उंच चिमणी आजही कालव्याच्या काठी उभी आहे. बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा मिळावा म्हणून डोंगरांतल्या गुहांची माती धुतली गेली, बंदुकीचा बार पेटवणाऱ्या टोप्यांसाठी तांबे हवे म्हणून मद्य गाळण्याची भांडी कापली गेली, चर्चच्या घंटा तोफांसाठी मागवल्या गेल्या. यांतले पुष्कळ श्रम गुलामांचे होते आणि या यशाच्या यादीत त्यांची नावे नाहीत.

बाकीची शस्त्रे इंग्लंडमधून येत आणि त्यांची किंमत कापसाने चुकती होत असे. उत्तरेच्या आरमाराने किनारा अडवलेला असताना गॉर्गस यांच्या खात्याची स्वतःची वेगवान जहाजे विल्मिंग्टनहून कापूस घेऊन बर्म्युडाला जात आणि एनफील्ड बंदुका घेऊन परत येत. ही नाकेबंदी आपल्याला अपरिचित नाही. अमेरिकेचा कापूस अडकला म्हणून मँचेस्टरच्या गिरण्या खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातच्या कापसावर तुटून पडल्या, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचे वेड माजले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारे कोसळले. त्या पुरात श्रीमंत झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. राजाबाई टॉवरखालच्या त्या ग्रंथालयात रंगीत काचांतून पडणाऱ्या उजेडात मी माझी अभ्यासाची वर्षे काढली. ज्या युद्धाने टस्कलूसाचे ग्रंथालय जाळले, त्याच युद्धाने महाग केलेल्या कापसावर आमचे ग्रंथालय उभे राहिले, हे मला या खोक्यांपाशी बसेपर्यंत कधी सुचले नव्हते.

दुपारनंतर १८६३ चा वसंत हाती आला. १३ मार्च, शुक्रवार. रिचमंडजवळ ब्राउन्स आयलंडवर काडतुसे भरण्याच्या कारखान्यात स्फोट झाला. गॉर्गस यांनी मृत आणि जखमी मिळून ६९ हा आकडा लिहिला आहे आणि त्यांत ६२ स्त्रिया, बहुतेक मुली आणि लहान पोरी, असे नोंदवले आहे. जखमींपैकी पुष्कळ जणी पुढच्या दिवसांत गेल्या आणि मृतांची संख्या चाळीसच्या वर पोचली. मेरी रायन नावाची अठरा वर्षांची मुलगी लाकडी फळीत अडकलेली, तोफ पेटवण्याची घर्षणनळी फळी आपटून मोकळी करत होती, तिच्याकडून ठिणगी उडाली. हे तिनेच मरण्याआधी सांगितले. पुरुष सैन्यात गेलेले, घरात खायला नाही, म्हणून बोटे बारीक असलेल्या या गरीब मुली काडतुसे भरायला ठेवल्या जात. आकडे मांडून झाल्यावर गॉर्गस लिहितात की 'मामा' या बिचाऱ्यांच्या घरी जाऊन न थकता मदत करत आहे आणि त्यापायी फार दमली आहे. मामा म्हणजे अमेलियाबाई. अधिकृत अहवालात ही ओळ कधी आली नसती. स्वतःच्या खात्यात मेलेल्या मुलींविषयीचा त्यांचा सगळा कळवळा पत्नीच्या पायपिटीच्या उल्लेखातून व्यक्त होतो, स्वतःविषयी ते तेथे काही लिहीत नाहीत. मी बराच वेळ ते पान उलटले नाही.

त्याच वर्षीच्या २८ जुलैची नोंद इतिहासकार नेहमी उद्धृत करतात. महिन्यापूर्वी लीची फौज पेनसिल्व्हेनियात शिरलेली होती आणि व्हिक्सबर्ग अजिंक्य वाटत होते, आता गेटिसबर्ग हरले, व्हिक्सबर्ग पडले. काल आपण यशाच्या शिखरावर होतो, आज सर्वनाशच आपल्या वाट्याला आला आहे असे दिसते, आपले राज्य विनाशाकडे झोकांड्या खात चालले आहे, अशा अर्थाचे ते शब्द आहेत. गेटिसबर्गपासून त्यांचे जन्मगाव फार दूर नाही. त्या रणांगणावर दक्षिणेच्या बाजूने उडालेली दारू त्यांनीच पाठवलेली होती.

चौथा दिवस, गुरुवार

आज पत्रे. युद्धाच्या अखेरच्या वर्षात त्यांनी रोजनिशीत कबूल केले होते की आता गुलामांना सैन्यात घेऊन स्वातंत्र्य देण्यावाचून उपाय नाही. हा विचार न्यायबुद्धीतून आलेला नव्हता, माणसे संपली होती म्हणून आला होता. ४ मे १८६५ च्या नोंदीत आपले सरकार नाहीसे झाल्याचे संकट इतके प्रचंड आहे की ते अजून मनाला कळत नाही, असे ते लिहितात. त्या दिवसांत बायकामुले मागे रिचमंडला राहिलेली होती आणि पुढे कित्येक महिने पतिपत्नी वेगळीच होती. या ताटातुटीनेच पत्रे जमली. माणसे एका घरात असतील तर इतिहासाला कागद मिळत नाही.

ब्रायरफील्डच्या वर्षांतला सूर वाचवत नाही. सोमवारी पाहिलेली ती ढासळलेली भट्टी आता कागदावर दिसू लागली होती. कर्ज, हप्ते, मुलांच्या शिक्षणाची चिंता आणि आपण निकामी झालो ही भावना पुन्हा पुन्हा येते. १८६९ मध्ये टेनेसीच्या डोंगरावर सुवानी येथील दक्षिण विद्यापीठात कनिष्ठ विभागाचे प्रमुख म्हणून बोलावणे आले आणि पन्नाशी ओलांडलेला हा सेनापती शाळकरी वयाच्या मुलांचा शिक्षक झाला. १८७२ मध्ये ते तेथे कुलगुरू झाले. पैशाची चणचण कायमच होती, विश्वस्तांशी मतभेद होते आणि १८७८ मध्ये ते टस्कलूसाला आले. विली सुवानीलाच पदवीधर झाला. त्याला वडिलांसारखे सैनिक व्हायचे होते, वेस्ट पॉइंटला प्रवेश मिळाला नाही, म्हणून वैद्यक शिकून तो १८८० मध्ये सैन्यात डॉक्टर झाला. ज्या सैन्याविरुद्ध वडील लढले त्याच सैन्यात शिरण्यासाठी मुलाने हा वळसा घेतला आणि पुढे तो त्या सैन्याचा सर्वोच्च वैद्यकीय अधिकारी झाला.

१८७८ नंतर गॉर्गस यांची रोजनिशी थांबते. यानंतर घराचा आवाज अमेलियाबाईंचा आहे. कारखाने उभे करणाऱ्या माणसाच्या संग्रहात ही शेवटची वर्षे पत्नीच्या अक्षरात यावीत आणि ती अक्षरे ग्रंथपालाची असावीत, हे पाहून मला माझ्या व्यवसायाविषयी जो आनंद झाला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

पाचवा दिवस, शुक्रवार

सकाळी एव्हरग्रीन दफनभूमीत गेले. ती फुटबॉलच्या अवाढव्य मैदानाला लागून आहे आणि स्टेडियमच्या भिंतीची सावली पहिल्या रांगांवर पडते. जुन्या देवदारांखाली जोसाया आणि अमेलिया शेजारी शेजारी आहेत. रस्त्याने विद्यार्थी सायकलींवरून तासाला चालले होते, त्यांत काळ्या मुलामुलींची संख्या बरीच होती. या आवारात व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हुड या दोन काळ्या विद्यार्थ्यांना ११ जून १९६३ रोजी गव्हर्नर स्वतः दारात आडवा उभा राहिल्यामुळे केंद्राच्या संरक्षणात आत जावे लागले होते.

उरलेले दोन तास मी परत वाचनकक्षात काढले आणि नवे काही न मागवता मार्च १८६३ च्या त्या स्फोटाचेच पान पुन्हा मागून घेतले. सगळी नोंद पेन्सिलीने वहीत उतरवली, 'मामा' या शब्दासकट. दुपारी भाचा आला तेव्हा त्या बाई पाकिटांचा क्रम तपासून खोक्याचे झाकण लावत होत्या. गाडीत बसल्यावर मी त्याला विचारले, रिचमंडला विमानाने जायला किती वेळ लागतो. ब्राउन्स आयलंड आता सार्वजनिक उद्यान आहे, जेम्स नदीच्या काठून तेथे पायी जाता येते. पुढच्या खेपेला आधी तेथे जायचे ठरले आहे.